नारळ उभा राहतो तिथं

न्हावरे

प्रिय सत्यजीत,

शाई कुठं पसरली असेल तर समजून घे. फोनवर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहिते आहे.

हाताच्या घामावर शिरूरच्या डॉक्टरांनी दिलेलं मशीन साधं आहे. दोन ट्रेमध्ये पाणी, त्यात तळवे, पाण्यातून हलका करंट. मुंग्या येतात, बस. हळूहळू माझे तळवे कोरडे झाले. रांजणगावला कंपनीच्या दारात अंगठ्याच्या मशीननं मला पहिल्या फटक्यात आत घेतलं, तेव्हा रांगेतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. येताना बसमध्ये मी कंपनीतल्या अंकिताचा हात धरून बसले. सगळा रस्ता.

आपल्या आबांना हे मिळालं नाही. त्यांच्या तळव्यांतून घाम ठिबकायचा आणि गावानं त्यांना पाणाड्या ठरवलं. हातावर नारळ आडवा ठेवून ते लोकांच्या रानातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथं बोअर. घरी येऊन हसायचे, ‘घामानं सटकतोय त्यो, आन् ह्यांना वाटतंय पाणी बोलावतंय.’ पण पाणी लागायचं.

माझे हात वाळले त्याच आठवड्यात आपला बोअर आटला. मग रोहिदासमामांचा. मग आबांनी दाखवलेले सगळे, एकामागून एक. बांधापलीकडचे, दुसऱ्यांनी दाखवलेले, चालूच होते. मामा येऊन उंबऱ्याशी बसले. रागावले नाहीत. माझा हात उलटासुलटा करून पाहिला. ‘वाळला की गं, पोरी.’ मग हळूच विचारलं, ‘सत्यजीतचा अजून वला हाय न्हवं?’

शितलचा फोन आला होता. साखरपुड्यात अंगठी घालताना तू हात मागं घेतलास, ते ती अजून विसरलेली नाही. तिकडं दौंडच्या डॉक्टरांची तारीख तू मोडलीस, हेही तिनंच सांगितलं. मामा तुझ्याशी बोलले असणार.

गेला महिना मी मशीन लावलेलं नाही. थांबलं की घाम परत येतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आज सकाळी तळवे भरून आले. मी ते पदराला पुसत होते, तेवढ्यात रानात मोटर खोकली आणि पाईपनं पाणी टाकलं. गढूळ, मग नितळ. मामांच्या रानातून कुणीतरी ‘पाणी आलं’ म्हणून ओरडलं. योगायोग असेल. अंकिताला सांगितलंय, उद्यापासून बसमध्ये मी खिडकीशी एकटी बसेन.

तू डॉक्टरांची तारीख पुन्हा घे. शितलचा हात धर. इथं रानाशी घरातल्या एकाचे हात ओले असले की पुरे.

तुझीच,
ज्ञानेश्वरीताई