डाव्या कडेची जागा

उस्ताद, परवा परभणीला उतरलो. उतरायचं नव्हतं. सेलूच्या जिनिंगात सरकी उपसून कंटाळलो, नाकातोंडात कापूस बसला, म्हणून पूर्णेकडं जाणाऱ्या गाडीत चढलो. पूर्णेहून पुढं कुठं, ते ठरलं नव्हतं. माझं कधी ठरलेलं असतं? तुम्हीच म्हणायचे, "तेरे पैरां में चक्कर है रे, और दिमाग में बी." मध्ये एका तंबूतल्या सिनेमावाल्याबरोबर मी तीन जिल्हे फिरलो. त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण ती राहू द्या. गाडी परभणीला थांबली, खिडकीतून शाळेमागच्या कडुलिंबाचे शेंडे दिसले, आणि पाय आपोआप खाली उतरले. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली असतील. तुमच्याशी बोलायचं एक राहून गेलंय. तोंडानं जमलं नाही म्हणून कागद घेतला. अक्षर तसंच आहे, कोंबडीच्या पायाचं.

आपली फुटबॉलची टीम बाहेर जिंकायची आणि घरी हरायची, हे साऱ्या गावाला माहीत होतं. जालन्याला जिंकलो, नांदेडला जिंकलो, औरंगाबादच्या कॉलेजच्या पोरांना त्यांच्या मैदानावर रडवून आलो. आणि तीच टीम परभणीला आली की आपण शेपूट घालायचो. बाजारात लोक म्हणायचे, "ह्यांला घरचं पाणी बाधतंय." कुणी म्हणायचं काळ्या मातीला भेगा लय, चेंडू अडकतो. कुणी म्हणायचं मैदान आधी मसणवटा होतं. खरं कारण आपल्या टीमलाच तेवढं ठाऊक होतं, आणि ते आपल्यातलं कुणी बाहेर बोललं नाही. घरी आपण दहाच जण खेळायचो.

झरीचा तो पोरगा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. डाव्या कडेनं पळायचा. पायात बूट नाही, डाव्या घोट्याला त्याच्या आईनं बांधलेला काळा दोरा, आणि चेंडू पायाला चिकटवल्यासारखा. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला आणि खळ्यावर झोपलेला असताना त्याला पान लागलं, साप चावला. सकाळ व्हायच्या आत गेला. दहाव्याला तुम्ही आम्हा सगळ्यांना घेऊन दुधना नदीच्या काठी आलात. पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना. त्याचा बाप म्हणाला, तुझ्या बहिणीचं लगीन चांगल्या घरी करीन. आई म्हणाली, तुझा पांढरा बैल इकणार न्हाई. आजानं काहीतरी कबूल केलं. कावळे नुसते बघत होते. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करू म्हणाले तशी त्याची आई जे ओरडली, ते मला आजही ऐकू येतं.

मग तुम्ही उठलात. बूट काढले. खाकी पाटलोणीचे पाय दुमडले आणि पिंडापासून थोडं अलीकडं, मान खाली घालून उभे राहिलात. फौजेतून आलेला मुसलमान ड्रिल मास्तर आमच्या दहाव्याच्या विधीत उभा, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याशी तुम्ही नेहमी दखनीत बोलायचे. त्या दिवशी मराठीत बोललात, तेही त्याच्या झरीच्या मराठीत. "बाळा, आपल्या मैदानावर तुझी जागा तुझीच. दुसऱ्या कुणाला तिथं हुबा करणार न्हाई." बाभळीवरनं एक कावळा सरळ खाली आला, मधल्या पिंडाला शिवला आणि उडाला. त्याची आई तुमच्या पायावर पडायला लागली तर तुम्ही दोन पावलं मागं सरला, पाण्यात.

परतीच्या बैलगाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "ज़बान दी है."

त्यात माझं काय झालं ते सांगतो. डाव्या कडेला दुसरा पळणारा मीच होतो. बाहेरगावी त्याच्या जागी मी खेळायचो, आणि बरा खेळायचो. तुम्ही तोंडावर कधी म्हणाला नाहीत, पण दुसऱ्या मास्तरांना सांगताना मी ऐकलंय. घरी मात्र मी लिंबाखाली घोंगडी पांघरून बसायचो. माझ्या गावातल्या एकाही माणसानं मला खेळताना बघितलं नव्हतं. आमचे वडील कचेरीत कारकून. त्यांना वाटायचं पोरगा थापा मारतो. "जालन्याला गोल केला म्हणं. हितं तर बाजारबुणग्यासारखा झाडाखाली बसतोस. उंडगायला जातोस का खेळायला?" मी भटकू नये म्हणून त्यांनी पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ फोडला होता. त्या नारळाचं खोबरं मीच खाल्लं. पण एकदा, एकच बार, त्यांनी मला आपल्या मैदानावर बघावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं, उस्ताद.

आणि घरच्या सामन्यांत जे व्हायचं ते मी लिंबाखाली बसून बघायचो. आपली पोरं सवयीनं डावीकडं चेंडू टाकायची. तिथं कुणी नाही. चेंडू रिकाम्या कडेला जायचा आणि भेगाळलेल्या मातीत थांबायचा. नेहमी थांबायचाच असं नाही. कधी कधी तो वळून परत यायचा. उतार असेल, दगड असेल, वारा असेल. मी मनाशी सगळं म्हणून बघितलं. नांदेडच्या टीमचा उजवा बॅक, दाढी फुटत असलेला धिप्पाड पोरगा, सबंध सामनाभर त्या रिकाम्या कडेला चिकटून उभा होता. जिंकून जाताना गुळाचा चहा पीत तो मला म्हणाला, "यार, तुमारा वो किनारेवाला छोकरा किधर गया? बहोत दौड़ाया मेरेकु. जाते वक्त हाथ बी नै मिलाया." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही बशीत चहा ओतत होतात. बशी भरून सांडली तरी ओतत होतात.

पुढं हेडमास्तरांनी तुम्हाला खोलीत बोलावलं आणि दार उघडंच ठेवून खडसावलं. घरी हरून शाळेची बदनामी होते. आता औरंगाबादवाले येतायत, अकरा उतरवा आणि जिंका. नाहीतर फुटबॉल बंद. तुम्ही "जी" म्हणून बाहेर आलात. सामन्याच्या सकाळी तुम्ही मला मैदानावर नेलं, डाव्या कडेशी उभं केलं आणि चपला काढायला लावल्या. लिंबावर पोपट ओरडत होते. समोर कुणी नव्हतं. तुम्ही त्या नसलेल्याला म्हणालात, "बाळा, ह्याला तुझ्या जागी न्हाई, तुझ्या शेजारी हुबा करायलोय. सांभाळून घे." मग माझ्याकडं वळून नेहमीच्या आवाजात, "कड़े पे नक्को जा. चार हाथ अंदर. समझा क्या, हौले?"

मी वडलांना सांगून ठेवलं होतं. ते आले, छत्री घेऊन, ऊन नसताना.

मी चार हात आतून पळत होतो. पहिल्यांदा काही नाही. मग लक्षात आलं की चेंडू मला सरळ येतच नाही, माझ्या बाहेरून जातो. आणि जातो तो वाया जात नाही, मोक्याच्या क्षणी माझ्या पायात येतो. कुठून येतो ते बघायला मान वळवायची हिंमत झाली नाही. बाजूनं श्वास ऐकू यायचा. माझाच असेल. मातीला ओल नसताना ओल्या मातीवर पाय पडल्यासारखा आवाज. एकदा तर माझी सावली मला रुंद दिसली, आणि मी खाली बघायचंच सोडून दिलं. शेवटी कडेवरून एक चेंडू असा आला, की नुसता पाय लावायचं काम होतं. मी लावला. गोल झाला. सगळं गाव मैदानात घुसलं. आपण घरी जिंकलो होतो, उस्ताद, आणि वडलांची छत्री गर्दीत वर वर हलत होती.

औरंगाबादवाल्यांनी तक्रार केली. यांनी बारा खेळवले. त्यांचा बॅक, गोलवाला, कप्तान, सगळे देवाची शपथ घेऊन तेच सांगत होते. पंच म्हणून आलेले कचेरीतले साहेब हसले. त्यांनी आम्हाला रांगेत उभं करून मोजलं. अकरा. मग रीत म्हणून तुम्हाला विचारलं, "कहिए मास्टर साब, कितने खेले आपके?"

अकरा म्हणायचं होतं. खरंच होतं ते. तेवढं तुम्ही म्हणाला असता तर जिंकलो होतो, टीम राहिली असती, तुमची नोकरी राहिली असती, आणि माझा गोल राहिला असता. तुम्ही आमच्या रांगेकडं बघितलं, रांगेच्या डाव्या टोकाच्या पुढं बघितलं, आणि म्हणालात, "साब, मेरे तो बारा हैं."

साहेबांचं हसू गेलं. सामना रद्द. मास्तर कबूल करतो म्हटल्यावर कुणी काय बोलणार? तुम्ही गळ्यातली पितळी शिट्टी काढली. दोन आखूड, एक लांब. म्हणजे असाल तिथं थांबा आणि रांग धरा. आम्ही तर रांगेतच होतो. तरी तुम्ही वाजवली आणि उभे राहिलात, कुणीतरी मागून यायचा राहिलाय अशी वाट बघत. किती वेळ उभे होतात! आम्हाला "जाओ" म्हणायचं तुम्ही विसरलात. शेवटी पोरं आपापली पांगली.

घरी मी रडत बसलो होतो. वडील छत्री कोपऱ्यात ठेवत म्हणाले, "रडायलास कशापायी? बघितलं की मी. लय चांगले पळालात दोघं."

"दोघं कोण?"

"तू आन् तुझ्या बाहेरून पळणारा तो. काळासा. पायात दोरा होता बघ. कुणाचा रे तो?"

मी सांगितलं नाही. वडलांनी मला खेळताना बघितलं होतं, एवढं मिळालं. तेव्हापासून तुमच्यावरचा राग धरवेना.

टीम मोडली. तुम्हाला काढलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात. मातीला आम्ही सगळे होतो, झरीचे त्याचे आईबापही. आम्हीही मूठ मूठ माती टाकली. दहाव्या दिवशी मी उगाच दुधनेच्या काठी जाऊन बसलो. बाभळीवर कावळे होते. तुमच्यात हे नाही, मला माहीत आहे. पण मग तुमचं काही राहिलं असेल तर ते आम्हाला कळायचं कसं, हे कुणाला विचारावं ते समजेना. कावळे माझ्याकडं बघत होते आणि माझ्याकडं ठेवायला काही नव्हतं. त्यानंतर जो गाव सोडला तो सोडलाच. आता इकडं हवा अशी झालीय की माणूस समोरच्याचं नाव आधी विचारतो. खाकी पाटलोण घातलेला कुणी मास्तर कुणाच्या दहाव्याला उभा राहील का, मला सांगता येत नाही.

तर परवा मी मैदानावर गेलो. शाळेत फुटबॉल पुन्हा सुरू झालाय. नवी पोरं, नवा चेंडू. तुमच्या वेळचं त्यांना काही माहीत नाही. तुमचं नावही नाही. एक उंचाडा पोरगा पाणी प्यायला लिंबाखाली आला. मी सहज विचारलं, "कसं चाललंय?"

"बाहीर जिंकतो दादा. हितं हरतो."

"का रे?"

तो जरा लाजला. "तुमी हसताल. खेळता खेळता शिट्टी येती. आमी थांबतो, तवर समोरचे गोल करून जातेत. पंच म्हनतो मी वाजवलीच न्हाई. त्यांच्या पोरांलाबी ऐकू येत न्हाई. आमालाच येती."

"कशी येती?"

त्यानं तोंडानं करून दाखवलं. दोन आखूड, एक लांब. "डावीकडनं येती," तो म्हणाला.

मला तिथंच कळलं तुमचं काय राहिलंय. तुम्ही अजून रांग पुरी व्हायची वाट बघताय. कुणीतरी डाव्या कडेशी उभं राहून एवढंच म्हणायला हवं, की उस्ताद, सगळे आले, रांग पुरी झाली, आता जा. नदीवर तुम्ही त्याला सोडवलं तसं. आणि ते म्हणणारा माझ्याशिवाय आता गावात कोण आहे? पोरं खेळायला लागली तसा मी चपला काढून कडेला गेलो. शब्द ओठावर होते. तेवढ्यात पोरं जागच्या जागी थांबली, चेंडू एकटाच घरंगळत गेला, आणि मलाही शिट्टी ऐकू आली. दहा वर्षांनी. माझे पाय आपोआप जुळले, हात मांड्यांना लागले, मान सरळ.

सामना औरंगाबादवाल्यांशी उद्या आहे, घरीच. पूर्णेची गाडी सकाळीच जाते. हा कागद टाकायचा कुठं, ते मला ठाऊक नाही. खिशातच राहील, घामानं भिजेल. पोरं उद्या पुन्हा हरतील आणि ते माझ्यामुळं हरतील, कारण ते दोन शब्द मी परवा बोललो नाही, काल गेलो तेव्हाही बोललो नाही. बोललो की तुम्ही जाल. आणि उद्याच्या गाडीनंही मी काही जात नाही. शिट्टी पुन्हा वाजेल, उस्ताद, आणि तेव्हा मला रांगेत उभं राहायचंय.