देठाला धरायचं

मंगळवार, दिवेलागण

नात वैशाली कामावरून आली ती थेट माझ्याजवळ येऊन बसली. पहिलीच नोकरी, द्राक्षं पेटीत भरायची, आणि आजचा दुसराच दिवस. म्हणाली, "आबा, उद्यापासून मी जात नाही. मला काही येत नाही."

झालं काय, तर पोरीनं एकेक घड फडक्यानं पुसून लख्ख केला. मुकादमबाई सगळ्यांसमोर ओरडल्या, "अगं, मण्यांवरची पांढरी लव गेली की माल शिळा दिसतो!"

पुसायला शिकवलं कोणी? मीच. पंचवटीत गाडीवर जन्मभर फळं पुसून विकली. तिनं बाईंना माझं नाव सांगितलं नाही, हेच जास्त लागलं.

तिनं येताना आणलेला घड समोर ताटलीत होता, तो उचलला, पंचा पुढे केला. सवयीनं की मुद्दाम, माझं मलाच कळलं नाही.

"आबा, थांबा! पुसायचं नाही. देठाला धरा."

धरला.

"हां, असं," म्हणाली, अगदी मुकादमबाईंच्या तोऱ्यात. मग आत वळून आईला ओरडली, "उद्या डबा जरा लवकर दे गं!"

घड परत ताटलीत ठेवलाय. पुसावासा वाटतोय, पण नाही पुसत.