चासी सरळ होती

मी, वेंडेल ऑगस्ट क्राउस, वय सत्तावन्न, राहणार बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर हसतमुख आहेत, त्यामुळे हे आजच लिहितो.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी नादीन हिला. घराचं छप्पर मी स्वतः घातलं आहे, गळत नाही. कुणी दुरुस्ती सुचवल्यास त्याला हाकलून द्यावं.

२. हत्यारं नादीनच्या भावाला, रूबेन इबारा यांना. भिंतीवर प्रत्येकाची बाह्यरेषा रंगवली आहे; तिथेच टांगावीत.

३. गॅरेजमधली १९३२ सालच्या रोडस्टरची, म्हणजे बिनटपाच्या दोन आसनी गाडीची, बॉडी. इथून जवळच्या वास्को गावातल्या एका बदामबागेच्या शेडमधून मी ती निवडून आणली. फायबरच्या नव्या बॉड्या स्वस्तात मिळत होत्या, पण मला त्या काळचाच पत्रा हवा होता. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, तीही त्याच सालची, रूबेनने दिलेली. तेव्हाच तो म्हणाला होता, "उस्ताद, आधी बॉडी चासीवर बोल्ट कर, मग दरवाजे बसव. रोडस्टरला छप्पर नसतं, तिचा कणा म्हणजे चासी."

मी कुठल्या शाळेत हे काम शिकलो नाही, त्यामुळे कुणाकडून शिकायची सवय नव्हती. बॉडी लाकडी घोडीवर ठेवून दोन हिवाळे दरवाजे बसवले. चारही बाजूंनी अष्टमांश इंच फट, केसभर कमीजास्त नाही. मग बॉडी चासीवर उतरवली. डावा दरवाजा खाली आला, उजवा अडकला.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सगळ्यांदेखत मी रूबेनला म्हणालो, "वाकडी चासी गळ्यात मारलीस." तो ताट तसंच ठेवून उठला. त्याला नऊ वर्षं होत आली.

पुढच्याच महिन्यात मी चासीची कोनाकोनी मापं घेतली. दोन्ही सारखी. तीनदा घेतली. चासी सरळ होती. घोडीवर बॉडी वेगळी टेकली होती, इतकंच. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

म्हणून बॉडी आणि चासी दोन्ही रूबेन यांना. वेगळी करू नयेत.

सहीपूर्वीची भर: हे कलम काल रात्री नादीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावर माफी मागणार? चांगला मुहूर्त काढलास!" आणि तिने भावाला फोन लावला.

रूबेन आज सकाळी आला. उभ्यानेच कागद वाचला.

"नऊ वर्षं, उस्ताद?"

मी म्हणालो, "चूक माझी होती."

"बिजागऱ्या सैल कर," तो म्हणाला.

दुपारपर्यंत बॉडीखाली रबरी पट्ट्या सरकवत बसलो. कुठे किती, ते तो सांगत होता; मी ऐकत होतो. डावा दरवाजा आता एका बोटाने लागतो.

नंतर साक्षीदार आले, तेव्हा रूबेननेही पेन उचललं. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असं मी सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"मग सोमवारी मुकाट्याने शुद्धीवर ये. उजवा दरवाजा मी एकटा बसवणार नाही."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो खरा आहे.

सही: वेंडेल ऑ. क्राउस

आमच्यासमोर सही झाली:
१. अर्लीन टॉबिन, शेजारी
२. डग्लस पेट्री, शेजारी

बेकर्सफील्ड, शनिवार, १९ ऑक्टोबर २०१९