लाल पेन्सिल मी नेतेय

अहो,

रात्रपाळी करून नुकतेच झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. डोळ्याच्या ऑपरेशनला ताईबरोबर पुढे जाते.

संध्याकाळी येताना माझ्या उशाजवळची कादंबरी आणा. डोळ्यावर पट्टी असेल, तेव्हा तुम्हीच वाचून ऐकवायची. छापखान्यात प्रुफं तपासून तपासून तुमचं पुस्तकांवरून मन उडालंय, ते मला कळत नाही का? नायिका धाय मोकलून रडत असते आणि तुम्ही तिच्या वेलांट्या पकडत बसता! म्हणून लाल पेन्सिल मीच पर्समध्ये टाकून नेतेय. चूक दिसली तर गिळा आणि पुढे वाचा.

दुसऱ्या डोळ्यानेही हल्ली अंधुकच दिसतं; त्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

या चिठ्ठीत कुठे वेलांटी चुकली असेल, तर घाईत चुकली असंच समजा.