पुस्तक मिटून सांगा

वसतिगृह, खोली १९
११ ऑगस्ट

चि. ठकूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मी ‘सगळं ठीक’ म्हणाले ते खोटं होतं. तू म्हणतेस तेच खरं, फोनवर मी ‘बरी आहे, जेवले, ठेव आता’ याच्या पुढे जात नाही. म्हणून हे पत्र. बाबांना वाचून दाखवू नकोस.

ते झालं असं. पहिला निबंध लिहायचा होता बेडसोरवर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडून पडून होणाऱ्या जखमांवर. विषय कळल्यावर मला हसूच आलं. तेवीस वर्षं वॉर्डात याच जखमा धुतल्या, मला काय शिकवणार! पण निबंध इंग्रजीत हवा आणि तोही पुस्तकांच्या आधाराने. पुस्तक उघडलं तर एकेक वाक्य असं घोटीव, की त्यात मी काय भर घालणार? खोलीतली जोडीदार, तुझ्याहून लहान आहे, म्हणाली, काकू, सोपं आहे, दर तिसरा शब्द बदलायचा. कॉम्प्युटर एका शब्दाला दहा शब्द देतो. दोन दिवस बसून मी शब्द बदलले. गव्हातले खडे काढावेत तसे एकेक शब्द काढले आणि दुसरे घातले.

काल शुश्रूषा शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी बोलावलं. यंत्राने तपासलं तर निम्म्याहून जास्त निबंध त्या पुस्तकाशी जुळला. वाक्यांचा सांगाडा तोच, वर कपडे तेवढे माझे. त्यांनी आवाज चढवला नाही, निबंध नव्याने लिहून आणायला सांगितला, पण ताकीद देणारं एक पत्र हातात दिलं. पुन्हा असं झालं तर नाव कमी करणार आणि आपल्या हॉस्पिटलला तसं कळवणार.

ठके, मी आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नाही. आपल्या हॉस्पिटलने पदवीसाठी पाठवलेली पहिली सिस्टर मी, आणि पहिल्याच महिन्यात चोर ठरले. वाटतं, सामान बांधावं आणि यावं. तपासलेलं पान सोबत पाठवते आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आई

घर
१७ ऑगस्ट

ती. आईस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबांना सांगितलं नाही, पण ते दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात, कुठे काय अडकलंय ते त्यांना आवाजावरून कळतं. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, की तुझ्या आईचा आवाज दोन मजल्यांच्या मध्ये थांबलाय.

तुझं ते पान मी दुकानात डिक्शनरी घेऊन वाचलं. आधी रागावू नकोस, पण मी इतकी हसले, की गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच हातातून सुटायची वेळ आली. पुस्तकात होतं रुग्णाला दर दोन तासांनी ‘टर्न’ करा, कूस बदलून द्या. तू केलंस ‘ट्विस्ट’! म्हणजे रुग्णाला दर दोन तासांनी पिळावं. आणि नाजूक कातडीचं ‘टेंडर’ बदलून तू ‘लव्हिंग’ घातलंस. प्रेमळ कातडीच्या माणसाला दर दोन तासांनी पिळणारी सिस्टर! आई, तुझ्या हाताखालचा एकही पेशंट वाचला नसता.

आता हसणं पुरे. शाळा सुटल्यावर मी तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर गृहपाठ करत बसायची, आठवतं ना? डॉक्टर राउंडला यायचे, चार जड शब्द टाकायचे आणि जायचे. नातेवाईक एकमेकांची तोंडं बघत राहायचे. मग तू यायचीस. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगायचीस, साध्या शब्दांत, आणि त्यात काडीचाही फरक पडू द्यायची नाहीस. एकदा एका आजोबांनी तेच तीनदा विचारलं आणि तू तीन वेगळ्या तऱ्हांनी सांगितलंस. तेव्हाच मला वाटलं होतं, की आपली आई डॉक्टरांपेक्षा हुशार आहे. अजूनही तसंच वाटतं.

तेव्हा सामान बांधायचं नाव काढू नकोस. तिथे शिकवणारं कुणीतरी असेलच, त्यांना जाऊन गाठ. आणि दूध घेत जा. लोभ नेहमीचा, त्यात कपात नको.

तुझी,
ठकू

वसतिगृह, खोली १९
२ सप्टेंबर

चि. ठकूस,

अ. उ. आ.

तुझ्या पत्राने दोन दिवस रडू आलं आणि तिसऱ्या दिवशी ‘ट्विस्ट’वरून हसू. हसता हसता घाम फुटला. ते वाक्य एखाद्या नव्या मुलीने खरं मानलं असतं तर?

इथे लेखन शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मुलं त्यांना ‘खोडरबर बाई’ म्हणतात. मला वाटलं होतं कजाग असतील. बसल्या होत्या एका अरुंद खोलीत, टेबलाचा एक पाय पुठ्ठ्याच्या घडीवर टेकवलेला. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. मी ते ताकीदपत्र पुढे ठेवलं आणि म्हणाले, मी चोर नाही. त्या म्हणाल्या, चोर असतात तर स्वतःहून आला नसतात. मग म्हणाल्या, तुम्ही शब्द बदललेत, पण पुस्तक उघडंच होतं ना? उघड्या पुस्तकासमोर सगळेच नक्कल करतात, मीही केली होती. म्हणजे त्यांचीही इंग्रजी शिकलेली, जन्माची नाही! एवढ्या अस्खलित बोलतात, की मला पटेना.

त्यांची रीत अशी. उतारा वाचायचा, समजेपर्यंत वाचायचा. मग पुस्तक मिटायचं आणि कुणाला तरी सांगायचं. सांगून झालं की लिहायचं. त्यानंतरच पुस्तक उघडून ताडून बघायचं, अर्थ सरकला तर नाही ना, आणि पुस्तकाचं वाक्य जसंच्या तसं आपल्या तोंडात राहिलं तर नाही ना. मी तिथेच पुस्तक मिटलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. दीड वाक्य झालं आणि गाडी थांबली. त्या म्हणाल्या, आधी तुमच्या भाषेत सांगा. समजलं असेल तर तिथे नक्की येईल.

पण सांगू कुणाला? खोलीतली जोडीदार कानात बोळे घालून अभ्यास करते. शेवटी मेसच्या स्वयंपाकीणबाईंना गाठलं. त्या भाजी चिरत होत्या. मी म्हटलं, बाई, मला पाच मिनिटं एक धडा सांगू द्या. त्या म्हणाल्या, सांगा की, हात कामात आहेत, कान मोकळेच! मी सांगत गेले: एकाच जागी भार पडला की तिथलं रक्त अडतं, कातडी आतून मरायला लागते, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. त्यांची सुरी थांबली. त्यांचे सासरे चार महिन्यांपासून अंथरुणावर आहेत आणि माकडहाडावर जखम झाली आहे.

मग त्या बाईंनी माझी जी उलटतपासणी घेतली! दोन तासच का? रात्रीसुद्धा? गादी मऊ असली तरी? आणि प्रत्येक वेळी, असं कोण म्हणतं? तुम्ही म्हणता, की पुस्तक म्हणतं? मला दर वेळी सांगावं लागलं, हे अमक्या बाईंनी इतके पेशंट पाहून लिहिलंय, ते दुसऱ्या पुस्तकातलं आहे. खोडरबर बाई संदर्भ द्या, संदर्भ द्या म्हणत होत्या ते मला तिथे कळलं. ज्याच्या घरात माणूस पडून आहे त्याला, कोण म्हणतं, हे विचारायचा हक्क आहे.

खोलीत येऊन आधी आपल्या भाषेत लिहिलं, मग इंग्रजीत. छोटी छोटी वाक्यं, पण माझी. रविवारी स्वयंपाकीणबाईंच्या घरी जाऊन जखम बघून आले. खोल नाही, पण डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं.

दूध घेते. तूही दुकानातल्या उजेडात डोळे फोडू नकोस. आठवणीत ठेव म्हणायला नको, ठेवतेसच.

आई

वसतिगृह, खोली १९
२४ सप्टेंबर

चि. ठकूस,

अ. उ. आ.

आज जे झालं ते लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही. निबंध परत देण्याआधी खोडरबर बाईंना दाखवायला नेला. त्यांनी पुस्तकं शेजारी मांडून एकेक संदर्भ ताडला. पान पालटता पालटता थांबल्या. म्हणाल्या, इथे तुम्ही लिहिलंय, की सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून ऊब आणि कडकपणा बघावा, आणि पुढे या पुस्तकाचं पान एकशे बारा दिलंय. पण पान एकशे बारावर हे नाहीये. तिथे फक्त लाली बघा एवढंच आहे.

मला वाटलं, झालं! पुन्हा चोरी! मी म्हटलं, बाई, चुकून झालं असेल, दुसऱ्या पुस्तकात असेल. आम्ही तिन्ही पुस्तकं धुंडाळली. कुठेच नाही. तेव्हा त्यांनी विचारलं, मग हे म्हणतं कोण? मी पुन्हा पानं चाळायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी हळूच म्हटलं, मीच. वॉर्डात बघितलंय. पेशंटची कातडी पुस्तकातल्या चित्रासारखी गोरी नसते, तिथे लाली शोधत बसलं तर उशीर होतो.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, पहिल्या निबंधात तुम्ही दुसऱ्यांचं स्वतःच्या नावावर घेतलंत म्हणून पत्र मिळालं. आता स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर टाकताय, ती चूक तितकीच मोठी आहे. ठके, मला खरंच वाटलं होतं, की एवढी कामाची गोष्ट पुस्तकात असणारच. माझ्यासारखीने ती स्वतः पाहिली असेल, हे मनात सुद्धा आलं नाही.

त्यांनी मला शुश्रूषेच्या प्राध्यापिकांकडे पाठवलं. त्यांनी दोन शोधनिबंध काढून दिले. सावळ्या कातडीवर लाली लवकर कळत नाही, असं त्यांतही आहे. ते रीतसर वाचले, मिटले, सांगितले, लिहिले, नावासकट. पण माझं वाक्य माझंच ठेवलं: ‘तेवीस वर्षांच्या कामात मी असं पाहिलं आहे’. हे एक वाक्य लिहायला मला अख्ख्या निबंधाहून जास्त वेळ लागला.

स्वयंपाकीणबाईंच्या सासऱ्यांची जखम भरत आली आहे. त्या घड्याळ लावून उठतात.

निबंधाची प्रत पाठवते. निकाल दहा दिवसांनी. धाकधूक आहे, तेव्हा आशीर्वाद माझे आणि शुभेच्छा तुझ्या.

आई

घर
१ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. वि. वि.

मला माफ कर, बाबांना सगळं सांगितलं. पहिल्या पत्रापासून. ते म्हणाले, मला कळत होतं, तिने सांगायची वाट बघत होतो.

काल दुकान बंद होतं. स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून मी तुझा निबंध त्यांना आपल्या भाषेत करून वाचून दाखवला. ते पाना-पेचकस पुसत ऐकत होते. मी सगळं एका दमात वाचत होते, कोणतं वाक्य पुस्तकाचं, कोणतं तुझं, असं काही सांगत नव्हते. हाताच्या मागच्या बाजूचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, हे तिचं आहे. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, तुझी आजी शेवटी पडून होती तेव्हा ही रोज हात उलटा करून तिची पाठ बघायची. मी विचारलं होतं, उलटा का? तर म्हणाली होती, तळहात राबून जाड झालाय, त्याला काही कळत नाही.

मला हे माहीत नव्हतं. मग बाबा म्हणाले, ते इंग्रजीत कसं आहे, वाच. वाचलं. म्हणाले, परत वाच. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, पण मान डोलावत बसले. आई, तुझी मुलगी म्हणून मला आज फार मोठं झाल्यासारखं वाटतं.

निकाल काहीही लागो. बाबांचाही नमस्कार, ते म्हणाले, तसं लिही, म्हणून लिहिलं.

ठकू

वसतिगृह, खोली १९
९ ऑक्टोबर

चि. ठकूस आणि घरच्यांस,

अ. उ. आ.

पास झाले. गुण फार नाहीत, व्याकरणात पुष्कळ लाल रेघा आहेत. पण त्या ताकीदपत्राची प्रत माझ्या फाइलीतून काढून टाकली. स्वयंपाकीणबाईंनी सगळ्या मेसला ओरडून सांगितलं. खोडरबर बाई नुसत्या हसल्या आणि पुढचं पुस्तक हातात दिलं, जाडजूड!

पण खरी बातमी वेगळीच. प्राध्यापिकाबाई नव्या नर्सेससाठी एक पुस्तिका लिहीत आहेत. काल त्यांनी बोलावलं. तीच खुर्ची, जिथे ऑगस्टमध्ये मी मान खाली घालून बसले होते. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. माझं निरीक्षण त्यांना पुस्तिकेत घ्यायचं आहे. त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं आणि पुढे कंसात माझं नाव होतं. म्हणाल्या, तुमचा अर्थ बरोबर उतरलाय का, तेवढं बघा.

मी वाचलं. माझ्या इंग्रजीपेक्षा कितीतरी सुंदर. सही करून मोकळी होणार होते. पण पुन्हा वाचलं आणि म्हटलं, मॅडम, एक शब्द सरकलाय. तुम्ही लिहिलंय, सावळ्या कातडीवर जखम दिसत नाही. जखम दिसते, लाली दिसत नाही. जखम दिसायच्या आतच तर आपल्याला पोचायचं असतं.

त्यांनी कागद ओढून घेतला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. मग तो शब्द खोडला, वर ‘लाली’ लिहिलं आणि मला थँक यू म्हणाल्या.

बाबांना माझा नमस्कार सांग. दोघांनी मिळून एक पत्र लिहा, एकटीने लिहिलेलं आता मला पुरत नाही.

आई