नको म्हणायची खोड

कोरिएन्तेस, आर्जेन्टिना
९ जानेवारी १९९४

प्रिय आवडामावशी,

पत्र तुमच्या नावाचं आहे, पण तुम्हाला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणजे आत्ता हे सगुणा मोठ्याने वाचून दाखवत असणार, तेही कपाळाला आठ्या घालून. माझ्या तीन पत्रांना तिने उत्तर दिलं नाही. डोंबिवलीला आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये फोन केला, तर ‘मॅडम कामात आहेत’ असं तिनेच स्वतःच्या आवाजात सांगितलं! म्हणून हे चौथं पत्र तुम्हाला. एकही ओळ गाळायची नाही असं तिला बजावून ठेवा. गाळली तर तुम्हाला तिच्या तोंडावरूनच कळेल.

ती का रागावली, ते तुम्हाला सांगायला नको. ऑक्टोबरात मी पहिल्यांदा कोपरीला तुमच्या घरी आलेलो. तुम्ही खाडीची कोळंबी केलेली, तव्यावर तांदळाची भाकरी फुगत होती, आणि तुम्ही म्हणालात, “बस रं पोरा, दोन घास खाऊन जा.” मी म्हटलं, आत्ताच जेवून आलोय, पोटात जागाच नाही. पाणीसुद्धा अर्धा पेला प्यायलो. आणि वीस मिनिटांनी सगुणाच्या नाथामामांनी मला ठाणे स्टेशनबाहेर दोन्ही हातांत वडापाव घेऊन उभा असलेला पाहिला. आता काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सगुणाने लॅबमध्ये एवढंच विचारलं, की माझ्या आईच्या हातचं तुला चालत नाही का? मी हॅ हॅ करून वेळ मारून नेली आणि महिन्याभरात कंपनीने मला इकडे धाडलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. मावशी, माझा जीव त्यात अडकलाय हो, इथे नदीकाठी बसूनसुद्धा.

इथे एका कापड गिरणीला आपले रंग विकलेत. ते सुतावर नीट बसेपर्यंत मी इथेच. नदीचं नाव पाराना. आपली खाडी तिच्यापुढे ओहोळ वाटेल (हे नाथामामांना सांगू नका). जानेवारीत इथे आपल्या मे महिन्यासारखा उकाडा असतो. रंगखात्यात रामोन नावाचा कारागीर आहे. त्याची आई दोन्या एल्विरा, म्हणजे आपल्याकडच्या एल्विराबाई, आणि घरचा धंदा मासेमारीचा. पहिल्याच रविवारी त्याने मला घरी जेवायला नेलं. अंगणात झाडाखाली लांबलचक टेबल, वीस-एक माणसं, आणि दारातच प्रत्येकाने माझ्या गालाला गाल लावला. मी डोंबिवलीचा, मला तर कुठे बघू तेच कळेना.

मग चीज भरलेल्या करंज्यांचं ताट फिरत आलं. ह्यांना एम्पानादा म्हणतात. तळणाचा असा वास सुटलेला, की काय सांगू. पण आमच्या आईची शिकवण अंगात मुरलेली. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा अगदी थोडं म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की ताट पुढे करायचं. मी हसून नको म्हटलं. झालं! इथे आग्रह हा प्रकारच नाही. ताट पुढे गेलं ते गेलंच. मी पुढचा पाऊण तास लोकांना करंज्या खाताना बघत बसलो. मग माते आला. हा एक कडू काढा असतो, वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात. एकच पेला आणि एकच धातूची नळी, ती सगळ्यांच्या तोंडून फिरते. आमच्याकडे दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लावला तर आई पेला राखेने घासते! तरी डोळे मिटून एक घोट घेतला, पेला परत देताना मोठ्या नम्रपणे आभार मानले, आणि पुन्हा माझी पाळी आलीच नाही. रामोनने नंतर समजावलं, की माते पिताना आभार मानले म्हणजे ‘मला आता पुरे’. इतकं सभ्य वागून माणूस इतका उपाशी राहिलेला त्या अंगणात कोणी पाहिला नसेल.

पुढच्या रविवारी मी ठरवूनच गेलो, समोर येईल त्याला हो म्हणायचं. चिपा नावाचे गरम गोळे खाल्ले. ज्या कंदाचा साबुदाणा करतात त्याच्याच पिठाचे, आत चीज. चतुर्थीला चालतील म्हणून खूश झालो, तर त्यात अंडं असतं हे चौथा खाल्ल्यावर कळलं. मग निखाऱ्यावरचं गाईचं मांस आलं. पण ह्या वेळी जेवून आलोय वगैरे थाप मारली नाही. रामोनला सांगितलं, तुझ्या आईला सांग, आमच्या घरी हे खात नाहीत, मला जमणार नाही, राग मानू नका. मला वाटलं, म्हातारी आता फणकारणार. ती हसली, आत गेली, आणि नदीतला भाजलेला मासा घेऊन आली. ताट समोर ठेवून पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसत माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तेव्हा मावशी, मला तुम्ही दिसलात. अगदी अश्शाच चुलीपाशी उभ्या होतात तुम्ही, आणि मी तुमच्याकडे न बघता घड्याळात बघितलेलं. लाज वाटली हो मला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मासा खाल्ला. काटे कसे काढायचे ते माहीत नाही, तर त्या बाईने शेजारी बसून एकेक काटा काढला आणि तुकडे माझ्या ताटात टाकत राहिली. मी तीन वेळा घेतला.

आता खरं सांगतो. त्या दिवशी मला तुमच्याकडे कडकडून भूक लागलेली. आईने निघताना सांगितलं होतं, त्यांच्याकडे काही खाऊ नकोस, आणि मी नाही म्हणायची हिंमत तुमच्यापुढे दाखवली, आईपुढे नाही. मासे खात नाही एवढं जरी बोललो असतो, तरी तुम्ही मीठ-भाकरी पुढे केली असतीत. मी ती संधीच तुम्हाला दिली नाही. चूक माझी, आईची नाही. परवा शेजारच्यांच्या फोनवर आईला सगळं सांगितलं, माशाचंही. ती म्हणाली, त्या कोपरीच्या बाई मला काय म्हणत असतील रे?

मी वीस फेब्रुवारीला, रविवारी पहाटे, मुंबईत उतरतोय. दुपारी उपाशी पोटी तुमच्या दारात उभा राहीन. पण नुसत्या जेवणासाठी हे एवढं लांबलचक लिहिलेलं नाही. मावशी, मला सगुणाशी लग्न करायचंय. हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही, जी हे वाचते आहे तिलासुद्धा नाही. (सगुणा, थांबू नकोस, हे वाक्य पुन्हा एकदा वाच. मावशींना नीट ऐकू गेलं नसेल.) तुमची हरकत असेल तर तसं स्पष्ट कळवा, मी राग धरणार नाही. पत्ता पाकिटामागे आहे. उत्तर तुम्ही सांगा, लिहील तीच. आणि लिहिता लिहिता तिने पदरचं काही घातलं, तर तेवढं मात्र तिला वाचून दाखवायला लावू नका.

तुमचाच, घरचा व्हायला निघालेला,
सुधीर