विषयाबाहेरचा संदेश

धसई, ता. मुरबाड
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय माधुरी,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. भात कापून झालं, झोडणी चालू आहे, त्यामुळे हात भरून आलेत आणि अक्षर असं आलंय. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कागदावर लिहितोय. टोकावड्याचा तुझा पत्ता ग्रुपवरच्या सुंदराताईंनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस.

आपल्या प्रोग्रामिंगच्या ग्रुपवरून तू गेल्यापासून नव्या मुलांच्या प्रश्नांना उत्तर मिळायला दोन-दोन दिवस लागतात. तू समजावायचीस तसं मला जमत नाही. दिवाळीआधी सुंदराताईंनी शाळा सुटल्यावर खर्डीहून फोन केला. "माधुरी कुठं गेली रे?" मी म्हटलं, विषय सोडून लिहिलं होतं, संदेश काढावा लागला, नियम आहे. मी काढण्याआधी त्यांनी तो वाचला होता.

"तिचा बाप बोलायचा थांबला, आनि तू तिला नियम दाखवलास? आमी मानसं नाय काय?"

म्हणून मी ग्रुपवर इतर गप्पांसाठी वेगळी खोली उघडली. नाव दिलं 'इकडचं तिकडचं'. चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी सुंदराताईंनीच लिहिलं, की त्या पन्नाशीत कोडिंग शिकतायत हे घरात कुणाला माहीत नाही, शाळेचं काम आहे सांगून बसतात. मग विपुलने लिहिलं, सात मुलाखती झाल्या, सगळीकडून नकार. त्यानंतर बुधू नावाच्या एकाने थेट शेळी विकायला काढली. तो संदेश काढू की ठेवू, ठरवेपर्यंत खाली तिघांनी भाव विचारला होता! वर्षभर तोंड न उघडलेले लोक आता कोडचेही प्रश्न विचारतात. हे असं का होतं, मला काही कळेनासं झालंय.

खरं तर हे सगळं सांगायला मी पत्र लिहीत नाहीये.

तुझा संदेश न वाचता काढला, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं आहे. मी वाचला होता, दोनदा. बाबांना झटका आल्यापासून त्यांची वाचा गेलीय, ते नुसते तुझ्याकडे बघत राहतात आणि तुला तिथून पळून जावंसं वाटतं. मी वाईट मुलगी आहे का, असं तू विचारलं होतंस. दोनशे जण वाचणार, आणि ग्रुप मी चालवतो म्हणून उत्तराला माझ्याकडे बघणार. मी घाबरलो. नियम हाताशी होता, तो पुढे केला.

तुझा संदेश परत लावू का? लावला तर तुझं दुखणं चारचौघांत येणार, नाही लावला तर मी लपवल्यासारखं. शेवटी काल त्या खोलीत मी फक्त माझं लिहिलं: संदेश वाचला होता, तरी काढून टाकला, भीतीपोटी. त्याखाली अजून कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. सुंदराताईंनीसुद्धा नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही. 'नाहीस गं' म्हणणं सोपं आहे, पण ते म्हणणारा मी कोण?

२४ तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीने टोकावड्याला येतोय. दुपारपर्यंत स्टँडवर बसेन. तू नाही आलीस तर परत जाईन, पुन्हा त्रास देणार नाही. आलीस, तर मी बाबांजवळ बसतो. तू तेवढा वेळ कुठेतरी जाऊन ये.

तुझा म्हणवून घ्यावं की नाही, हे न समजलेला,
स्वरूप